दोन बोटं अलीकडे

मर्विन म्हणतो, सायकल ठीक आहे, फक्त चाक बघ.
चाक बघते. पण चाक बघताना तोही दिसतोच:
मान ताणलेली, कासवानं शेजारच्या घरात डोकवावं तशी,
आणि करंगळ्या सारख्या चोळतोय.

मुंग्या येतात?
थंडीनं, म्हणतो.
ब्लायनाउमध्ये सगळा दोष हवेचाच असतो.
छप्पर गळलं, हवा. बायको बोलेनाशी झाली, हवा.
स्लेटची खाण बंद पडली तीही
बहुतेक हवेनंच.

आधी चाक.
कानाशी धरून हलवते, नारळ पारखावा तसं.
आत काही डुचमळत नाही.
चीक कधी भरलास?
तो छताकडे बघतो. छतावर तारीख लिहिलेली नाही.

टायरचा काठ उचकटला तर आत
वाळलेला पापुद्रा, कोळ्यानं सोडून दिलेल्या जाळ्यासारखा,
आणि एक रबरी गोळी, वाटाण्याएवढी.
ती त्याच्या तळहातावर ठेवते. घे, हे तुझं औषध.
दर तीन महिन्यांनी बघायचं असतं, मर्विन.
ट्यूब नाही म्हणजे काळजी नाही, हे कोणी सांगितलं तुला?
काळजी नुसती पातळ होऊन आत फिरत असते.

छेद स्लेटचा आहे. सरळ, स्वच्छ.
त्या दगडाला माझी ओळख आहे, म्हणतो,
तीस वर्षं फोडलाय मी त्याला.
मी हसत नाही. हसले तर शनिवारी पुन्हा सांगेल.

सुईत वात ओवायची, छेदात ढकलायची,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि सुई एका झटक्यात मागे. इथे दयामाया नको.
हळू ओढलीस तर वात तिच्याच मागे निघून येते.
शेपट्या कापायच्या, पण मुळापर्यंत नाही.
नवा चीक, शंभर मिली, वर थोडा थंडीसाठी.
पंप. काठ बसतो: ठाक. ठाक.
दुकानातलं मांजर बारा वर्षांत या आवाजाला सरावलेलं नाही.
मग भोक खाली येईल असं चाक ठेवायचं
आणि थांबायचं.

थांबता थांबता मी वही काढते.
सोळा वर्षांपूर्वीचं पान, निळी शाई, माझंच अक्षर,
कोपऱ्यात चहाचा डाग, तोही तेव्हाचाच.
बघ, म्हणतो, सगळं लिहिलंय. तूच बसवलीस मला.

बूट काढ. मोज्याचं भोक मला दिसलेलं नाही.
टाचा भिंतीला. डोक्यावर सुट्या भागांचं जाडजूड पुस्तक.
पेन्सिलीची रेघ.
टेप दोनदा लावते, कारण तो दोनदा म्हणतो, चुकलं.
पाय तेवढेच. हात तेवढेच.
मधलंच माप चार सेंटिमीटर कमी.

कुठे गेले? विचारतो,
जणू मीच दुकानात कुठेतरी ठेवून विसरलेय.

उत्तर नाही माझ्याकडे. पाचचा एलन पाना आहे.
नव्वदचा स्टेम काढते, साठचा लावते.
दोन बोटं अलीकडे.
वरची एक रिंग खाली घालते, हँडल नखभर वर येतं.
सीट तशीच ठेवते. सीटला हात लावला असता
तर उठून गेला असता.

बस. भिंतीला धर. कोपरं सैल.
अजून सैल, पिशवी खाली ठेवल्यावर होतात तितकी.
त्याचे खांदे कानांपासून खाली उतरतात,
त्याला न विचारता.
फार जवळ वाटतंय, म्हणतो.
आठवडाभर वाटेल.

चाकाला साबणाचं पाणी लावते.
वातीपाशी एक बुडबुडा येतो. फुगतो.
आम्ही दोघं वाकून बघतोय, काही बोलत नाही.
वाढायचा थांबतो.

पैसे मोजताना म्हणाला, नवी मापं
जुन्यांच्या खाली लिही. खोडू नकोस.
निळं पेन संपलं होतं.
काळंही चालेल, म्हणाला.